चार नंबरच्या पलंगावरचा दामू जॉबर

सून म्हणाली, बाबा, तीच गोष्ट रोज सांगता, एकदा लिहून काढा आणि मोकळे व्हा. तिचंही बरोबर आहे. ती कामावरून दमून येते आणि मी ओटीवर बसून सुरू करतो. म्हणून ही वही. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही खारबावला, अर्धा वेळ म्हशींच्या मागे. पुढे काल्हेरला गोदामात आधी हमाली, मग वॉचमन. लिहायची सवय म्हणजे गेटवर ट्रकचे नंबर लिहायचो तेवढीच. चुका धरू नका.

दामू जॉबर जाऊन आता चार महिने झाले. आधीच सांगतो, मला तो आवडत नव्हता. माणूस मेला की सगळे म्हणतात, फार आवडायचा. मला नव्हता. फार बोलायचा. जिथं लोकांनी गप बसावं तिथं तर जास्तच.

आमची गाठ पडली ती भिवंडीत, डायलिसिसच्या सेंटरमध्ये. माझी बायको यमुना, तिच्या किडन्या गेल्या होत्या. साखर होती, लक्ष दिलं नाही. मी नाही, तिनंही नाही. डॉक्टर म्हणाला, आता आठवड्यातून तीन वेळा मशीनवर यायचं, मंगळवार, गुरुवार, शनिवार. दोन वेळा चुकवलंत तर छातीत पाणी भरेल, मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. सरळ बोलला. मला बरं वाटलं, गोल गोल बोलणारी माणसं मला कळत नाहीत.

पहिले दोन महिने तिच्या मानेत नळी होती. तेवढं तिनं सोसलं. मग हातातली शीर जोडून तयार केली आणि त्यात सुया टोचायचा पहिला दिवस आला. सुया म्हणजे दाभण. एक रक्त बाहेर काढायला, एक परत आत घालायला. यमुना दारापर्यंत आली, बाहेरच्या बाकावर बसली आणि तिनं खिडकीचा गज धरला. दोन्ही हातांनी.

"मला घरी न्या. मरायचं तं घरी मरंन."

मी समजावलं, मग ओरडलो. सिस्टर येऊन गेली. हात काही सुटेना. त्याच दिवसापासून आम्हाला दुपारची शिफ्ट मिळाली होती, त्यामुळे तिथलं कुणी ओळखीचं नव्हतं. तेवढ्यात जिन्यानं एक बुटका, काळा माणूस वर आला. अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात कंगवा, आणि डोक्यावर केस मोजून वीस. तो यमुनासमोर उभा राहिला आणि तिच्या बोटांकडे बघत बसला. मला राग आला. मग त्यानं एक शब्द न बोलता उजवी मूठ हवेत गोल फिरवली, चाक फिरवतात तशी, आणि हनुवटी उडवून तिला काहीतरी विचारलं.

आणि यमुनानं गज सोडला. सोडावाच लागला, उत्तर द्यायला हात लागतात.

इथं एक सांगायला पाहिजे. लग्नाच्या आधी आणि नंतरही काही वर्षं यमुना भिवंडीत पावरलूमच्या कारखान्यात कांड्या भरायला जायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. कारखान्यात मागांचा आवाज एवढा की कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. मजुरीला, मुकादमाला, चहाला, बाथरूमला, प्रत्येकाला खूण. दामू अशाच दुसऱ्या कारखान्यात जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. सुतानं बोटाला पडलेली खाच त्याला ओळखू आली. मला मात्र ती खाच कधी दिसली नव्हती. एवढी वर्षं संसार केला, आणि बायकोला हातांनी बोलता येतं हे मला त्या बाकावर कळलं.

दोघं तिथं हात हलवत बसले. एकदम ती हसली. मग उठली आणि आत गेली.

घरी येताना टमटममध्ये विचारलं, काय सांगितलं त्यानं? म्हणाली, "तो बोलला, आतली सिस्टर नवीन हाय, तिचाच हात कापतो. तू जरा तिला धीर दे."

सिस्टर दहा वर्षं तिथं होती, हे मागाहून कळलं.

त्यानंतर त्याचा पलंग चार नंबर, हिचा पाच. चार तास मशीन चालायची आणि या दोघांचे मोकळे हात चालायचे. मी मधे स्टुलावर. मला बघून तो म्हणायचा, "ओ वॉचमन, गेट सोडू नका. रक्त बाहेर गेलं तं नंबर लिहून घ्या." सगळे हसायचे. मी हसायचो नाही. माझं नाव त्यानं शेवटपर्यंत विचारलं नाही.

त्याला सगळा दवाखाना कारखाना वाटायचा. डायलिसिसला तो ड्युटी म्हणे. किडन्या कशा आहेत विचारलं तर सांगायचा, "त्या दोघी गावाला गेल्या न सांगता. ही मशीन बदलीवर हाय." बदली म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी येतो तो. डॉक्टरांना रोज विचारायचा, "साहेब, बदलीवालीला परमनंट करणार का?" या आजारात दिवसाला जेमतेम एक लिटर पाणी, त्यातच चहा, त्यातच आमटी. दामू खोकल्याच्या औषधाच्या झाकणात चहा घ्यायचा, बशीत ओतायचा, फुंकर मारायचा आणि दोन घोटांत संपवून तोंड पुसायचा. मग यमुनाला विचारायचा, "ताई, अजून एक झाकन घेतं का? आज माझ्याकडनं."

जोडलेल्या शिरेत रक्त घरघरतं. हात कानाला लावला की ऐकू येतं. यमुनाला त्याची फार भीती. उशीवर हात आला की दचकून उठायची, म्हणायची, आत काहीतरी शिरलंय. दामूनं आपला हात माझ्या कानाला लावला. खरंच, लांबून माग चालावा तसा आवाज. "ऐकलंस? दोन पाळ्या चालतो. ताई, हा बंद पडला तं भ्यायचं. चालू हाय तवर माल निघतोय." त्या दिवसापासून ती झोपताना स्वतःच हात कानाशी घेऊन झोपायला लागली. मी कितीदा तिला सांगितलं होतं, काही होत नाही, काही होत नाही. माझ्या सांगण्याचा कधी उपयोग झाला नाही.

आता वाईट दिवसाचं सांगतो. तीन नंबरवर एक चाचा असायचे, म्हातारे, पूर्वी लूमवरच होते. रोज आल्या आल्या विचारायचे, "दामूभाई, आज लूम पे क्या चढाया?" दामू म्हणायचा, "चाचा, मलमल. आपके कफन से बच गया तो कुर्ता सिलवाऊंगा." चाचा पोट धरून हसायचे. एका गुरुवारी आम्ही आलो तर तीन नंबरवर कोरी चादर. मशीन लागली. सगळे छताकडे बघत पडलेले. आणि दामू म्हणाला, "चाचांनी शिफ्ट बदलून घेतली."

कुणी हसलं नाही. यमुनानं त्याच्याकडे बघून एकच खूण केली, माग बंद करायची. मग मान भिंतीकडे वळवली, ती चार तास तशीच. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, बरी जिरली.

सुटल्यावर यमुनाला बाकावर बसवून मी रिक्षा बघायला उतरलो, तर मधल्या जिन्यात दामू पायरीवर बसलेला. गुडघे थडथड उडत होते. एका हातानं दुसरा हात दाबून धरला होता.

"काय होतंय? डॉक्टरला बोलवू?"

"नको. बस जरा."

"भ्यालात काय?"

"मंग. तुला काय वाटलं?" त्यानं वर बघितलं नाही. "पयल्या दिवसापासून भितोय. रोज या जिन्यात बसतो, येताना दहा मिनिटं, जाताना दहा. बोललो न्हाय तं मशीनचा आवाज ऐकू येतो. मंग मी मोजत बसतो. मोजता मोजता डोळ्यापुढं अंधारी येते. कारखान्यात माग बिघडला तं पाना घेऊन पळायचो. इथं कुठं पळू, टोचून ठेवलंय." त्यानं खिशातला कंगवा काढून परत ठेवला. "ताईला सांगू नको. ती माझ्यावर जरा टेकून हाय."

मी सांगितलं नाही. ती जाईपर्यंत सांगितलं नाही.

शनिवारी यमुना म्हणाली, मी नाही जात, तिथं मेलेल्या माणसाची टिंगल करतात. मी काय करणार? डॉक्टरचं बोलणं डोक्यात. म्हटलं, चल, आज त्याचं तोंड बघू नको, पण चल. नेली. दामू आधीच पलंगावर होता. त्यानं तिच्याकडे बघून हात हलवले, बराच वेळ, सावकाश. ती बघत होती. उत्तर दिलं नाही. दोन तासांनी तिनं स्वतःच्या वाटणीचा चहा झाकणात ओतला आणि मला म्हणाली, "त्याला द्या." मी नेऊन दिला. दामूनं बशी मागितली नाही, तसाच प्यायला. काय बोलला होता ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

लाइट गेली तो दिवस याच्या नंतरचा. भिवंडीत लाइट जाणं नवीन नाही. जनरेटर होता, तो दोनदा खोकला आणि बसला. बाकीच्या मशीन बॅटरीवर टूंटूं करत राहिल्या. यमुनाची जुनी होती, ती बंदच पडली. तिचं रक्त नळीत उभं. सिस्टरनं बाजूचा दांडा बाहेर काढला, माझा हात धरून त्यावर ठेवला. "काका, हा असा फिरवा. एकाच चालीनं. थांबू नका, थांबलात तर रक्त आत गोठेल. मला त्या दोन पलंगांकडे बघायचंय." आणि ती गेली.

मी पन्नास किलोची पोती वाहिलेला माणूस. पण तो दांडा हातात आला आणि मला काही दिसेना. नळीतून लाल पाणी सरकत होतं, ते माझ्या बायकोचं होतं, आणि ते मी फिरवत होतो. हात धावायला लागला.

"ओ वॉचमन," दामूचा आवाज आला. "जातं ओढलंस काय कधी?"

"न्हाय."

"दिसतंय. तुझ्या बायकोनं जल्मभर ओढलं, तू नुस्त्या भाकऱ्या मोडल्यास. आज तरी नीट ओढ. लूम न्हाय ती, पळवू नको. माझ्या पायाकडं बघ."

त्याचा पाय पलंगाच्या लोखंडावर आपटत होता. खट, खट, खट. मी त्या चालीवर दांडा फिरवायला लागलो.

"हां. असं. आता हात थांबला तं दुसरी बायको मिळायची न्हाय. तोंड बघितलंयस आरशात?"

यमुनाचे डोळे मिटलेले. ओठ पांढरे. तशीच म्हणाली, "मिळंल की. एखादी आंधळी बघा."

"आंधळी चालंल, ताई. पन बहिरीबी पायजे. हा घोरतो किती, तू सांगितलंस ना?"

ती हसली. हसताना तिच्या हातातली सुई हलली आणि सिस्टर लांबून ओरडली, हसवू नका त्यांना. दामू म्हणाला, बरं, आणि पाय आपटत राहिला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. लाइट आली तेव्हा माझी मूठ दांड्यावरून उघडेना, सिस्टरनं एकेक बोट सोडवलं. मग ती चार नंबरकडे गेली. दामूची चादर, उशी, सदरा, सगळं घामानं चिंब. चादर बदलावी लागली.

"एवढा घाम, काका?"

"एसी बंद होता ना, सिस्टर."

त्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे करायला लागलो.

यमुना मशीनवर असताना गेली नाही. घरी गेली, सकाळी, ओटीवर वाल सोलत बसलेली असताना. मी आत पाणी गरम करत होतो. बाहेर आलो तर ताट तसंच मांडीवर आणि मान कलंडलेली. डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं, या आजारात होतं असं. तिला कळलंही नसेल. कळलं नसेल हे तो कशावरून म्हणाला ते मला माहीत नाही. दामूला मी कळवलं नाही. कळवावं असं सुचलंच नाही.

तेरावं झालं. पाहुणे गेले. पुढचा मंगळवार आला. मी सकाळी उठलो, डबा भरला, दोन पोळ्या आणि बिनमिठाची दुधीची भाजी. तिची घोंगडी पिशवीत घातली, मशीनवर तिला गार वाजायचं. टमटम पकडली. भिवंडीला उतरलो, दोन जिने चढलो, दाराशी चपला काढल्या, आणि तेव्हा लक्षात आलं की बरोबर कुणी नाही. पिशवी हातात. मागे फिरायलाही पाय उचलेना. पाच नंबरवर दुसरीच कुणी बाई होती.

दामूनं मला बघितलं. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि आज मी ह्याच्या कानाखाली वाजवणार. मनात तसं ठरवलंही.

तो सिस्टरला म्हणाला, "सिस्टर, माझा मानूस आला."

तिथं नियम होता, पेशंटबरोबर घरचं माणूस पाहिजे. दामूची बायको आधीच गेलेली. मुलगा गोदामात बारा तास ड्युटीवर. त्यामुळे दामू रोज दुसऱ्या कुणाच्या तरी नातेवाइकाला आपला मेव्हणा म्हणून उभं करायचा. सिस्टरला माहीत होतं. त्या दिवशी तिनं रजिस्टर माझ्यापुढं केलं आणि नातं या रकान्यात मी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं आठवत नाही.

"बस," दामू म्हणाला. "घोंगडी आणली असंल तं पायावर टाक. गार लागतंय."

टाकली. मग त्यानं डबा मागितला. दोन्ही पोळ्या खाल्ल्या, सावकाश, एका हातानं.

"अळनी हाय."

"अळणीच असते."

"हां."

चार तास तो एवढंच बोलला. एकही विनोद केला नाही. मशीनचा आवाज पहिल्यांदा मला नीट ऐकू आला. त्याच्या कपाळावर घाम येत होता आणि मी तो पुसत होतो. म्हणजे तो आतल्या आत मोजत होता. त्याला ते किती जड जात होतं ते मला माहीत होतं, त्या जिन्यात त्यानं सांगितलं होतं. माझ्यासाठी गप बसला, चार तास. माझ्यावर फार लोकांनी उपकार केलेले नाहीत. हा एक मी धरतो.

मग मी मंगळवार, गुरुवार, शनिवार जातच राहिलो. त्याचा माणूस म्हणून. दुसरं काम तरी काय होतं? पुढच्या वेळेपासून त्याचं तोंड पुन्हा सुरू झालं आणि मला पुन्हा राग यायला लागला, ते ठीक होतं.

थंडीत त्याच्या छातीत पाणी झालं, तापही चढला. डॉक्टर म्हणाला, इथं जमणार नाही, ठाण्याला मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच. खाली ॲम्ब्युलन्स आली. त्याचा मुलगा धावत आला आणि पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. मागे एक वॉर्डबॉय. दामूला स्ट्रेचरवर बसता करून ठेवला होता, आडवं पडलं की श्वास लागायचा. तोंडावर मास्क. डोळे मोठे झालेले. त्यानं माझं मनगट धरलं होतं. यमुनानं गज धरला होता तसं, सुटणार नाही असं. मी वाट बघत होतो, हा आता बोलेल. तो बोलेना. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे काही नव्हतं. नुसता बघत होता माझ्याकडे.

वॉर्डबॉय त्याला म्हणाला, काका, सोडा, निघायचंय.

मला विनोद येत नाही. कधी आला नाही. पण तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "दामू, भिऊ नको. आपल्या भिवंडीच्या रस्त्यात एवढे खड्डे हायत, की मेलेला मानूसबी हाबक्यानं उठून बसंल. म्हंजे, समज अंजूरफाट्याला मेला, तं मानकोलीपर्यंत उठंल. तुला काय होनार हाय?"

कुणी हसलं नाही. वॉर्डबॉय माझ्याकडे बघत राहिला, हा म्हातारा काय बोलतोय म्हणून. मलाच लाज वाटली.

दामूनं मास्क बाजूला केला. श्वास घेतला, दोनदा.

"उलटं सांगितलंस," तो म्हणाला. "खड्डे पयले सांगायचे न्हाय. आधी मानूस मारायचा."

मनगट सोडलं. वॉर्डबॉयनं मास्क लावला, दामूनं पुन्हा काढला. दार ओढून घेतलं तरी वरची काच उघडी होती. गाडी फाटकातून वळेपर्यंत मला त्याचं डोकं दिसत होतं, वॉर्डबॉयकडे वळलेलं, आणि एक हात हवेत. धाप लागलेल्या आवाजात तो सांगत होता, "ऐक रे पोरा. एक मानूस अंजूरफाट्याला मेला. चांगला गच्च मेला."